एक खूण, अनेक अर्थ

सुरतेच्या जुन्या तटाला जे दरवाजे होते, त्यांपैकी एकाचे नाव कतारगाम दरवाजा. ज्या गावाकडे ही वाट जाई ते कतारगाम एकेकाळी शेताभातांचे होते. उंधियूत पडणाऱ्या तेथील पापडीची कीर्ती साऱ्या गुजरातेत आहे. आज ते महानगराच्या पोटात गेले असून हिऱ्यांना पैलू पाडणाऱ्या कारखान्यांनी गजबजलेले आहे. या दरवाज्याच्या परिसरात सतराव्या शतकातील परदेशी व्यापाऱ्यांच्या कबरी आहेत. इंग्रजांच्या दफनभूमीत जॉर्ज ऑक्झिंडेन विसावला आहे. 1664 साली शिवाजी महाराजांनी सुरतेवर चाल केली तेव्हा इंग्रज वखारीचा प्रमुख होता तो हाच. तो 1669 साली निवर्तला. जवळच डचांची दफनभूमी असून तीत सर्वांत भव्य कबर हेन्द्रिक आद्रियान फान रेडे याची आहे. घुमटाच्या या इमारतीची घडण पाहून आत एखादा मोगल अमीर असावा असेच प्रथम वाटते.

फान रेडे हा डच ईस्ट इंडिया कंपनीचा मलबारातील अधिकारी. डिसेंबर 1691 मध्ये सुरतेकडे येत असता समुद्रावरच त्याला मृत्यू आला. त्याचे नाव राहिले ते मात्र कंपनीच्या कारभारामुळे नव्हे. मलबारातील वनस्पतींवर त्याने सिद्ध करविलेला 'होर्टुस मलबारिकुस' हा बारा खंडांचा ग्रंथ 1678 ते 1693 या काळात ॲम्स्टरडॅम येथे छापला गेला. इट्टी अच्युतन हा मलबारी वैद्य आणि रंगभट, विनायक पंडित व आपू भट हे तीन कोकणी भाषिक वैद्य यांनी त्यासाठी माहिती पुरविली. या तिघांचे नागरी लिपीतील कोकणी प्रमाणपत्र ग्रंथात छापलेले आहे. चित्राच्या पानावर एकाच वनस्पतीचे नाव रोमन, मलयाळी, अरबी आणि नागरी अशा चार लिप्यांत आढळते. वस्तू एक, नावे चार. फान रेडेने त्यांचा घोटाळा होऊ दिला नाही, कारण प्रत्येक लिपीला तिची स्वतंत्र जागा दिली.

तोंडी चालत आलेली विद्या कागदावर उतरविताना हाच प्रश्न सर्वत्र पुढे येतो. कागदावरची प्रत्येक जागा वाचकाला काही विचारीत असते: येथे काय यावयाचे आहे? नाव, आकडा, की आणखी काही? एकाच जागी निरनिराळ्या प्रकारच्या वस्तू येऊ शकत असतील, तर त्या ओळखावयाच्या कशा? वनस्पतींच्या बाबतीत हा प्रश्न चार रकान्यांनी सुटला. संगीताच्या बाबतीत तो सुटण्यास शतके लागली, आणि अजूनही तो पुरता सुटलेला आहे असे म्हणता येत नाही.

या प्रश्नाचे एक जुने उत्तर महाराष्ट्राच्या भूमीतच दिले गेले. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादव राजा सिंघणाच्या आश्रयास असलेल्या शार्ङ्गदेवाने 'संगीतरत्नाकर' हा ग्रंथ रचला. त्यात स्वर त्यांच्या आद्याक्षरांनी लिहिलेले आहेत. मंद्र सप्तकातील स्वराच्या डोक्यावर बिंदू द्यावा आणि तार सप्तकातील स्वराच्या डोक्यावर उभी रेघ द्यावी, अशी त्याची व्यवस्था आहे. मध्य सप्तकाला काहीच खूण नाही. खूण नसणे हीही एक खूणच आहे, हे तत्त्व येथे सहजपणे मान्य झालेले दिसते.

पुढे मात्र आपल्या गायनाची परंपरा गुरूच्या मुखातून शिष्याच्या कानात अशीच वाहत राहिली. लिहिण्याची निकड भासली ती एकोणिसाव्या शतकात, शाळा आणि छापखाने आल्यावर. बडोद्यास मौलाबक्ष यांनी सयाजीराव महाराजांच्या आश्रयाखाली 1886 साली गायनशाळा चालविण्यास घेतली आणि विद्यार्थ्यांसाठी स्वरलेखनाची पद्धत बसविली. एका वर्गात अनेक मुले बसू लागली की प्रत्येकाच्या कानाशी गुरूला बसता येत नाही; फळ्यावरच्या खुणांनाच गुरूचे थोडेफार काम करावे लागते. बंगालमध्येही याच सुमारास असे प्रयत्न चालू होते. परंतु हिंदुस्थानी संगीताच्या लेखनाला आज जे वळण आहे ते मुख्यतः दोन महाराष्ट्रीय पुरुषांनी लाविले, आणि योगायोग असा की दोघांचेही नाव विष्णू होते.

विष्णू दिगंबर पलुसकर यांचा जन्म 1872 साली कुरुंदवाडास झाला. लहानपणी दारूकामाच्या अपघातात दृष्टी अधू झाल्यावर ते मिरजेस बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणे शिकले आणि 1901 साली लाहोरास त्यांनी गांधर्व महाविद्यालय स्थापिले. विष्णू नारायण भातखंडे हे 1860 साली वाळकेश्वरास जन्मलेले, व्यवसायाने वकील. हिंदुस्थानभर फिरून त्यांनी घराण्याघराण्यांतील चिजा जमविल्या आणि क्रमिक पुस्तकमालिकेच्या सहा भागांत अठराशेच्या वर चिजा स्वरलिपीसह प्रसिद्ध केल्या. एकाच्या डोळ्यांपुढे वर्ग होता, दुसऱ्याच्या डोळ्यांपुढे संग्रह. दोघांच्या खुणांत जो फरक पडला त्याचे मूळ बहुधा या हेतूंच्या भिन्नतेत शोधावे लागेल.

पलुसकरांना प्रत्येक स्वराचा काल मुलांच्या डोळ्यांसमोर स्पष्ट हवा होता. म्हणून त्यांनी स्वराच्या खाली कालदर्शक चिन्हे दिली: एक मात्रेसाठी आडवी रेघ, अर्ध्या मात्रेसाठी शून्य, पाव मात्रेसाठी चंद्रकोर. सप्तकासाठी त्यांनी शार्ङ्गदेवाचीच व्यवस्था ठेविली: मंद्राला वर बिंदू, तारेला वर उभी रेघ. येथे प्रत्येक स्वर आपली ओळख आपल्यासोबत घेऊन येतो. वाचणाऱ्याने काहीही गृहीत धरावयाचे नाही.

भातखंडे यांनी उलट मार्ग धरिला. ज्या स्वराला खूण नाही तो शुद्ध, मध्य सप्तकातील आणि एक मात्रेचा, असे त्यांनी एकदाच ठरवून टाकिले. जेथे या ठरावापासून फरक पडेल तेथेच खूण: तार सप्तकाला वर बिंदू, मंद्राला खाली बिंदू, कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ. एका मात्रेत दोन, तीन वा चार स्वर आले तर त्यांच्या खाली एक कमान. स्वर लांबला तर पुढच्या मात्रेत आडवी लहान रेघ, आणि गीताच्या ओळीत अक्षर लांबले तर अवग्रह. स्वरांची ओळ वर, शब्दांची तिच्या खाली, तालाच्या खुणा त्याखाली. फान रेडेच्या पानावर जशा चार लिप्यांना चार जागा, तशा येथे तीन प्रकारच्या मजकुरांना तीन ओळी.

परंतु ओळी वेगळ्या केल्याने सर्व प्रश्न मिटत नाहीत. स्वरांच्या ओळीतील मात्रेचे एक घर घ्यावे. त्यात एक स्वर येऊ शकतो, कमानीत बांधलेले चार स्वर येऊ शकतात, लांबणीची रेघ येऊ शकते, किंवा मुख्य स्वराच्या खांद्यावर बसलेला लहानसा कणस्वरही येऊ शकतो. घर तेच, पाहुणे निरनिराळे. वाचणाराची नजर क्षणात पाहुणा ओळखते आणि त्याप्रमाणे वागते. ती इतकी सरावलेली असते की आपण काही ओळखले हेही तिच्या लक्षात येत नाही.

भातखंडे पद्धतीतील कंस तर यापुढे जातो. पंचम कंसात लिहिला म्हणजे धैवत, पंचम, मध्यम, पंचम असे चार स्वर त्वरेने घ्यावयाचे. कंसात षड्ज असेल तर ऋषभ, षड्ज, निषाद, षड्ज. म्हणजे कंस हे एखाद्या ध्वनीचे नाव नसून ती एक आज्ञा आहे: जो स्वर दिला जाईल त्याच्या वरचा शेजारी, तो स्वतः, खालचा शेजारी आणि पुन्हा तो स्वतः. शेजारी कोण हे राग ठरवितो. भैरवात कंसातल्या षड्जाचा वरचा शेजारी कोमल ऋषभ असतो. भूपात मध्यम आणि निषाद हे स्वरच नाहीत, तेव्हा शेजारी शोधण्यासाठी रागाकडेच पाहावे लागते. एक चिन्ह, कोणताही स्वर स्वीकारणारे, आणि संदर्भ पाहून निराळे फळ देणारे. गणितात ज्याला फलन म्हणतात तेच हे. फक्त ते गळ्याने सोडवावयाचे असते.

आता या दोन्ही पद्धती शेजारी ठेवून पाहिल्या म्हणजे अडचण ध्यानात येते. स्वरावरचा बिंदू भातखंडे यांच्या पुस्तकात तार सप्तक दाखवितो, पलुसकरांच्या पुस्तकात मंद्र. वरची उभी रेघ एकीकडे मध्यमाला तीव्र करते, दुसरीकडे कोणत्याही स्वराला तार सप्तकात नेते. खालची आडवी रेघ एकीकडे स्वर कोमल करते, दुसरीकडे त्याला एक मात्रा देते. तालातही तेच: भातखंडे समेला गुणाकाराची फुली आणि कालाला शून्य देतात, पलुसकर समेला एकाचा आकडा आणि कालाला अधिक चिन्ह देतात. एका परंपरेत शिकलेल्या विद्यार्थ्याच्या हाती दुसरीचे पुस्तक पडले तर काय होईल, याची कल्पना सहज करता येते.

येथे एक गोष्ट विशेष ध्यानात घेण्याजोगी आहे. या तीन घोटाळ्यांपैकी दोन आपण होऊन उघडकीस येतात. षड्ज आणि पंचम हे अचल स्वर. त्यांना कोमल रूप नाही. तेव्हा षड्जाखाली आडवी रेघ दिसली की जाणत्या वाचकाने समजावे, ही रेघ कोमलत्वाची असू शकत नाही, हे पुस्तक पलुसकर पद्धतीचे आहे. तसेच गांधारावर उभी रेघ दिसली तर ती तीव्रतेची नव्हे, कारण तीव्र होतो तो केवळ मध्यम. चुकीचा अर्थ लावू पाहणाऱ्याला संगीताचे शास्त्रच अडविते. बिंदूच्या बाबतीत मात्र असा पहारेकरी नाही. कोणताही स्वर मंद्र असू शकतो आणि कोणताही तार. बिंदू चुकीचा वाचला गेला तर तक्रार कोणी करीत नाही. चीज दोन सप्तके वर मात्र चढते. जी चूक अडते ती बरी, जी चूक गोड बोलून पुढे जाते ती घातक, हा धडा या एका बिंदूने दिलेला आहे.

एकसूत्री स्वरलेखनाची गरज त्या काळच्या विद्वानांना पटलेली होती. 1916 साली बडोद्यास सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली आणि तिच्यामागे भातखंडे यांचीच प्रेरणा होती. तेथे आणखी एक वाद पुढे आला. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल आणि त्यांचे सहकारी, मुंबई इलाख्यातील न्यायाधीश क्लेमेंट्स, यांचा आग्रह होता की बावीस श्रुती अचूक मोजता येतात आणि त्या दाखविता आल्या पाहिजेत. भातखंडे बारा स्वरांच्या चौकटीवर ठाम होते. वरवर हा वाद श्रुतींचा. पण त्याच्या मुळाशी पुन्हा तोच प्रश्न होता. स्वराच्या चिन्हाने काय स्वीकारावे? मोजलेली एक नेमकी उंची, की गायकाने रागाच्या स्वभावाप्रमाणे भरावयाची एक जागा? व्यवहारात भातखंडे यांचे उत्तर टिकले. त्यांचे चिन्ह सैल होते आणि त्या सैलपणातच गायकाला वाव होता.

पाश्चात्त्य संगीताची लिपी या दुखण्यातून सुटलेली आहे असा एक समज आहे. तो खरा नाही. अकराव्या शतकात इटलीतील ग्वीदो याने रेघांवर स्वर मांडण्याची रीत रूढ केली, पण 'बी' या स्वराची दोन रूपे तेव्हाही होती. एक गोल 'बी'ने, दुसरे चौकोनी 'बी'ने दाखवीत. चौकोनी 'बी' लिहिता लिहिता 'एच' या अक्षरासारखा दिसू लागला, आणि जर्मन भाषेत तो 'एच' म्हणूनच स्थिरावला. परिणामी आजही 'बी' असे लिहिले तर इंग्रज एक स्वर वाजवितो आणि जर्मन त्याच्याखालचा कोमल स्वर. भातखंडे आणि पलुसकर यांच्या बिंदूचीच ही युरोपीय आवृत्ती होय.

हा सारा इतिहास आता यंत्राच्या दारी येऊन ठेपला आहे. फान रेडेच्याच देशातील हान-वेन निनहाउस आणि यान न्यूवेनहाउझेन या दोघांनी 1996 साली 'लिलीपाँड' नावाच्या स्वरलेखन-प्रणालीस आरंभ केला. जुने कारागीर धातूच्या पत्र्यावर हाताने कोरून छापीत त्या तोडीची संगीताची पाने संगणकाने छापावीत हा तिचा उद्देश. तीत उंदीर फिरवून स्वर चिकटवावयाचे नसतात. साधी अक्षरे लिहावयाची, आणि प्रणाली ती वाचून पान रचते. स्वरांची नावे मुळात डच धर्तीची आहेत, पण वापरणाऱ्याने आरंभीच आपली भाषा सांगितली की 'बी'चा अर्थ त्या भाषेप्रमाणे लावला जातो. कोणती पद्धत आहे हे पहिल्या ओळीत जाहीर करावे, म्हणजे पुढचा तंटा मिटतो, हा शहाणपणा तेथे नियम झाला आहे.

या प्रणालीच्या पोटात 'स्कीम' ही आज्ञाभाषा आहे. तिच्या साहाय्याने वापरणाऱ्याला भातखंडे यांच्या कंसासारखी स्वतःची फलने घडविता येतात. फलन घडविताना त्याला मिळणाऱ्या प्रत्येक आदानासाठी एक परीक्षक नेमावा लागतो. दारावरच्या या परीक्षकाला एकच प्रश्न विचारावयाचा असतो: आलेला पदार्थ आकडा आहे काय? स्वर आहे काय? मजकूर आहे काय? उत्तर नकारार्थी आले तर प्रणाली काम थांबविते आणि सांगते की येथे मजकूर अपेक्षित होता, आकडा मिळाला. षड्जाखालची रेघ पाहून जाणता वाचक जसा थबकतो, तसेच हे थबकणे.

परंतु परीक्षक फार कडक असला तर व्यवहार अडतो, आणि सैल असला तर परीक्षेला अर्थ उरत नाही. म्हणून मधल्या वाटा काढलेल्या आहेत. पहिली वाट अशी की, एकाच परीक्षकाने दोन प्रकार चालवून घ्यावेत. वाद्यवृंदाच्या तालमीत कोठून पुन्हा सुरुवात करावयाची हे कळावे म्हणून पानावर खुणेची अक्षरे छापतात. त्या खुणेच्या आज्ञेला आकडा दिला तर प्रणाली त्या क्रमांकाचे अक्षर छापते. मजकूर दिला तर तो मजकूरच जसाच्या तसा छापते. आणि 'नेहमीप्रमाणे' एवढेच सांगितले तर मागच्या खुणेच्या पुढचे अक्षर आपण होऊन घेते. घर एक, पाहुणे तीन, आणि प्रत्येकाचा पाहुणचार वेगळा.

दुसरी वाट ऐच्छिक आदानाची. एखादी जागा भरली तरी चालेल, न भरली तरी चालेल, असे फलनात ठरविता येते आणि न भरल्यास घ्यावयाचे मूल्य आधीच नेमून ठेविता येते. आलेला पदार्थ त्या जागेच्या परीक्षेत बसला नाही, तर प्रणाली तक्रार करीत नाही. नेमलेले मूल्य तेथे ठेविते आणि तो पदार्थ पुढच्या जागेच्या दाराशी नेऊन उभा करिते. खूण नसलेला स्वर शुद्ध, मध्य सप्तकाचा आणि एक मात्रेचा समजावा, हा भातखंडे यांचा ठराव याच जातीचा आहे. फरक इतकाच की, लिलीपाँडमध्ये स्वराचा काल लिहिला नाही तर मागच्या स्वराचा काल चालू राहतो. भातखंडे पद्धतीत मागे काहीही असो, मात्रा एकच. गृहीत मूल्य कोठून घ्यावयाचे यावरही दोन मते असू शकतात, आणि दोन्ही आपापल्या ठिकाणी योग्य असू शकतात.

या सोयीबरोबर धोकाही येतो. जी जागा दोन प्रकार स्वीकारते तेथे लिहिणाराची चूक दुसऱ्या प्रकाराचे रूप घेऊन निसटू शकते. आकडा मजकुरासारखा अवतरणचिन्हांत लिहिला गेला तर अक्षराऐवजी आकडाच छापला जाईल, आणि यंत्राला त्यात काही वावगे दिसणार नाही. बिंदूची गोष्ट येथे पुन्हा आठवावी. म्हणून ज्यांनी अशी फलने रचावयाची त्यांनी लवचिकपणा तेथेच ठेवावा जेथे आलेला पदार्थ पाहताक्षणी ओळखता येतो. स्वर आणि आकडा यांची गल्लत होत नाही. त्यांना एका दारातून येऊ द्यावे. दोन आकड्यांपैकी कोणता मात्रेचा आणि कोणता सप्तकाचा हे आकड्याच्या चेहऱ्यावरून कळत नाही. तेथे दोन दारेच हवीत.

पलुसकर 1931 साली मिरजेस आणि भातखंडे 1936 साली मुंबईस निवर्तले. दोघांच्या पद्धती आजही जिवंत आहेत. भातखंडे यांच्या खुणांचा प्रसार अधिक झाला, तरी पलुसकरांच्या परंपरेतील जुनी पुस्तके अनेक घरांतील कपाटांत आहेत, आणि त्यांतील चिजा कोणीतरी केव्हातरी संगणकावर उतरविणार आहे. त्या वेळी यंत्र बिंदू पाहील आणि तो बिंदू आहे एवढेच सांगेल. तो मंद्राचा की तारेचा हे उतरविणाऱ्याने आधी सांगितले असेल तरच यंत्राला कळेल. न सांगता उतरविलेली चीज दिसावयास निर्दोष असेल आणि गावयास अशक्य. शिवाय जिने ती मुखोद्गत ठेविली होती ती पिढी ती दुरुस्त करावयास उरलेली नसेल.

कतारगाम दरवाज्याजवळची ती कबर घुमटाने मोगलाची वाटते. आत डच मनुष्य आहे हे जो जाणतो त्यालाच कळते. खुणेचेही असेच असते. तिचा आकार एक गोष्ट सुचवितो, तिचा अर्थ ज्याने ती केली त्याच्या संकेतावर अवलंबून असतो. फान रेडेने चार लिप्यांना चार जागा दिल्या आणि तीन वैद्यांची नावेही सोबत छापली, म्हणून ते शब्द कोणाचे हे तीनशे वर्षांनंतरही निश्चित सांगता येते. स्वरलिपीच्या प्रत्येक पानावर, ते कागदाचे असो वा यंत्राचे, ही पद्धत कोणाची एवढी एक ओळ असली पाहिजे. तिला जागा थोडी लागते. ती नसल्यास मात्र साऱ्या चिजेचा अर्थच हरवतो.